व्होल्टेज वाढवलं म्हणजे कमाई वाढली का? मायनिंग मशीनचा सरळ हिशोब



हल्ली दुकानात पोरं विचारतात, "दादा, जुनं बिटकॉइन मायनिंग मशीन स्वस्तात मिळतंय. व्होल्टेज वाढवून जोरात पळवलं तर परवडेल का?" महिन्याला १० टक्के देतो म्हणणाऱ्या गेनबिटकॉइन प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली होती. त्यामुळे 'स्कीम नको, स्वतःचं मशीन बरं' असं वाटणं चुकीचं नाही. पण मशीन आपलं असलं तरी हिशोब करावाच लागतो. घ्या वही-पेन.

मशीन काय करतं?

उदाहरणाला २०१६ चं अँटमायनर एस९ घेऊ. त्यात ३ बोर्ड, प्रत्येकावर ६३ चिप. वेग साधारण १४ टेराहॅश, वीज १३७० वॅट, म्हणजे दिवसाला ३३ युनिट. चिपचा वेग वाढवला की तिला व्होल्टेजही जास्त लागतं. नाही दिलं तर ती चुकीची उत्तरं काढते आणि चुकीच्या उत्तराला पैसे नाहीत. म्हणून लोक दोन्ही वाढवतात.

खरी गोम इथंच आहे. कमाई फक्त वेगाच्या प्रमाणात वाढते. वीज मात्र वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. कपाशीला युरियाची गोणी दुप्पट टाकली म्हणून झडती दुप्पट होत नाही, तसंच हे.

आता आकडे

एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरात मिळून ४५० बिटकॉइन. समजण्यासाठी धरा: जगाचा एकूण वेग ६० कोटी टेराहॅश, एका बिटकॉइनचा भाव ६० लाख, वीज १० रुपये युनिट.

- जसं आहे तसं: कमाई ६३ रुपये, वीज ३३० रुपये. रोजचा तोटा २६७.
- वेग १८ टक्के, व्होल्टेज ८ टक्के वाढवलं: वीज १.१८ × १.०८ × १.०८, म्हणजे ३८ टक्के जास्त. कमाई ७४, वीज ४५५. तोटा ३८१.
- वेग २० टक्के, व्होल्टेज १० टक्के कमी केलं: कमाई ५०, वीज २१४. तोटा १६४.

बघा, मशीन जोरात पळवलं तर ११ रुपये जास्त मिळाले, पण त्यासाठी १२५ रुपये जास्त गेले. हळू चालवलं तर तोटा कमी झाला, पण संपला नाही. तुमच्या वेळचे भाव टाकून हाच हिशोब पुन्हा करा.

वायरिंगचं काय?

वाढवलेलं मशीन १८९० वॅटच्या आसपास जातं. एस९ सोबत येणारा नेहमीचा पॉवर सप्लाय १६०० वॅटचा! त्यात आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. २३० व्होल्टला ८ अँपिअर ओढणारं मशीन १८० ला साडेदहा अँपिअर ओढतं. ६ अँपिअरचा बोर्ड आणि जुनी वायर तापणारच. उन्हाळ्यात आपली खोली आधीच ४० च्या वर असते, चिप थंड करायला गार हवा आणायची कुठून?

आणि कायदा?

शेतीपंपाच्या मीटरवर लावू म्हणणाऱ्यांनी वीज कायदा २००३ चं कलम १२६ लक्षात ठेवावं. मंजूर कामाऐवजी दुसऱ्याच कामाला वीज वापरली तर दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या उत्पन्नावर ३० टक्के टॅक्स आहे आणि त्यातून मायनिंगच्या विजेचा खर्च वजा होत नाही. म्हणजे खिशात तोटा, तरी टॅक्स भरायचा.

धंद्याची गोष्ट

मशीन घ्यायचं, नाही घ्यायचं, निर्णय तुमचा. पण हप्त्यावर घेणार असाल तर आधी विचारा: माझ्या युनिटच्या दरात हे मशीन कमी व्होल्टेजवर तरी नफा देतं का? उत्तर 'नाही' असेल तर व्होल्टेज वाढवून ते 'हो' होणार नाही.

किराणा असो, कापड असो, नियम एकच. गल्ला वाढला म्हणून खूश होऊ नका. शेवटच्या वाढीव शंभर रुपयांच्या विक्रीसाठी किती खर्च केला, ते आज रात्री दुकान बंद करताना एकदा लिहून बघा.