कक्षेतली झीज आणि संगणकावरची पीएचडी

उपग्रहाभोवतीची सोनेरी, चकचकीत फॉइल सोन्याची नसते. बहुतेकदा ते कॅप्टॉन नावाचं पॉलिमर असतं, त्याला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला असतो. जमिनीपासून ४०० किलोमीटरवर मात्र हे कॅप्टॉन झिजू लागतं. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू झालेले असतात आणि यान सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने त्यांच्यावर आदळतं. प्रत्येक धडकेची ऊर्जा जवळपास ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. कार्बन-कार्बनमधला एकेरी बंध तोडायला पावणेचारच्या आसपास पुरतात.

नासा २००१ पासून अंतराळ स्थानकाच्या बाहेर नमुने लावून ही झीज तपासत आली आहे. पण प्रत्येक नव्या पदार्थासाठी इतका वेळ आणि पैसा घालता येत नाही. आधी चाळणी लावावी लागते, आणि ते काम कॉम्प्युटेशनल मटेरियल्स सायन्सचं.

पीएचडीचा विद्यार्थी नेमकं काय करतो? सुरुवात डेन्सिटी फंक्शनल थिअरीने होते. ही थिअरी विकसित केल्याबद्दल वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यात इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडून कोणता बंध आधी तुटेल, ते कळतं. पण हिशेब इतका जड की काहीशे अणूंवरच संगणक दमतो. म्हणून पुढे रिॲक्सएफएफसारखं, बंध तुटणं-जुळणं दाखवणारं सूत्र घेऊन लॅम्प्स या सॉफ्टवेअरमध्ये हजारो अणूंचा ठोकळा उभारतात आणि त्यावर ऑक्सिजनचे अणू एकामागून एक सोडतात.

खरी मेख इथे आहे. पाच नॅनोमीटर लांबी-रुंदीच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष कक्षेत सेकंदाला फार तर काहीशे अणू आदळतात. सिम्युलेशनमध्ये मात्र काही पिकोसेकंदांनी एक सोडावा लागतो, नाहीतर हिशेब जन्मात संपणार नाही. मग पृष्ठभागाला थंड व्हायला उसंतच मिळत नाही आणि झीज फुगून दिसू शकते. दोन धडकांमधलं अंतर बदलून पाहायचं, मधे तापमान खाली आणायचं, शेवटी आकडे प्रयोगाशी ताडायचे: प्रबंधाचा बराच वेळ यातच जातो.

आता संधींकडे. आयआयएससी, आयआयटी मुंबईचा मेटलर्जिकल इंजिनिअरिंग अँड मटेरियल्स सायन्स विभाग, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही ठळक ठिकाणं. प्रवेशासाठी साधारणपणे गेट किंवा नेट-जेआरएफ आणि मुलाखत. इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेतून प्राध्यापकांना प्रकल्प मिळतात आणि त्यांत जेआरएफच्या जागा निघतात. त्यांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही इस्रोचा कक्ष आहे. अमेरिकेला जायचं असेल तर एक गोष्ट आधीच जाणून घ्या: नासाची स्पेस टेक्नॉलॉजीची पदव्युत्तर संशोधनवृत्ती फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. भारतीय विद्यार्थ्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे विद्यापीठातली असिस्टंटशिप.

'अंतराळ' हा शब्द पाहून अर्ज करू नका, गाइडचे अलीकडचे पेपर वाचून करा. डेन्सिटी फंक्शनल थिअरीचं सॉफ्टवेअर क्वांटम एस्प्रेसो आणि लॅम्प्स दोन्ही फुकट मिळतात. साध्या लॅपटॉपवर क्वांटम एस्प्रेसोने सिलिकॉनच्या स्फटिकाची ऊर्जा काढा, कटऑफ (हिशेबाची अचूकता ठरवणारी ऊर्जेची मर्यादा) वाढवत न्या आणि ती कुठे स्थिरावते याचा आलेख काढा. तो घेऊनच मुलाखतीला जा.