डोकी मोजायची की मुद्दे?

विकिपीडियावरचा एखादा लेख ठेवायचा की वगळायचा, हे मतमोजणीने ठरत नाही. इंग्रजी विकिपीडियात अशा लेखावर साधारण ७ दिवस खुली चर्चा चालते. समजा, दहा जण नुसते ‘ठेवा’ लिहून गेले आणि दोघांनीच विश्वासार्ह संदर्भ कसे मिळत नाहीत ते दाखवले, तर चर्चा बंद करणारा प्रचालक (जादा अधिकार असलेला संपादक) त्या दोघांच्या बाजूने निर्णय देऊ शकतो. बनावट खाती उघडून किंवा दोस्तमंडळी गोळा करून मते वाढवता येतात. पुरावा असा वाढवता येत नाही.

निर्णय सहमतीने होतो, पण सगळ्यांनी माना डोलवाव्यात अशी अपेक्षा इथे नसते. आक्षेपांना उत्तर मिळाले की पुरे. मात्र यात एक गोम आहे. ज्याच्याकडे रिकामा वेळ आणि चिवटपणा जास्त, तो वाद ताणत राहतो आणि बाकीचे कंटाळून निघून जातात. मग सहमती कसली, ती थकलेल्यांची माघार!

काही पदांवर माणसे निवडताना मात्र इंग्रजी विकिपीडियातही मतदानच होते. संपादकांमधले वाद सोडवणाऱ्या लवाद समितीची निवड गुप्त मतदानाने होते. ते मला योग्यच वाटते.

मराठी विकिपीडियावर सामायिक विषयांची चर्चा ‘चावडी’वर होते. तिथे गेलात, तर नुसते ‘सहमत’ लिहू नका, कारणही लिहा.