जैसलमेर : पाण्याच्या हिशेबावर वसलेले शहर

गेल्या पावसाळ्यात भूगोलाचे शिक्षक रजेवर असता त्यांचा एक तास आमच्याकडे आला. आम्ही भाषेचे शिक्षक. नकाशा भिंतीवर टांगून वेळ निभावून नेण्याचा आमचा विचार होता. बाहेर पागोळ्यांचा असा आवाज चालला होता की, आठवीतील एका मुलीला आपला प्रश्न दोनदा विचारावा लागला. ‘सर, गोव्याला अरबी समुद्र पाऊस देतो. राजस्थानही त्या समुद्रापासून फार दूर दिसत नाही. मग तिथे वाळवंट का?’ त्या दिवशी आम्ही अर्धवट उत्तर दिले. पुढे नाताळच्या सुटीत जैसलमेरला जाण्याचा योग आला, तेव्हा उरलेले उत्तर तेथे सापडते का, हे पाहण्याचे आम्ही मनाशी ठरविले.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाळवंटातील शहर म्हटले की, चहूकडे वाळूच्या टेकड्या आणि मध्ये उंटांची रांग असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. जैसलमेर तसे नाही. हे गाव खडकाळ माळावर आहे. त्रिकूट नावाच्या टेकडीवर रावळ जैसल याने ११५६ मध्ये किल्ला बांधला आणि त्याच्या पायथ्याशी पिवळ्या दगडांची घरे दाटीने वसली. वाळूचे खरे डोंगर पाहावयाचे तर पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवरील सम या गावी जावे लागते. उलट, शहरापासून १७ किलोमीटरवर आकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडले आहेत. आज जेथे सावलीसाठी झाड शोधावे लागते, तेथे एके काळी अरण्य होते!

आता पावसाकडे वळू. अरबी समुद्रावरून येणारे ओलसर वारे आपल्या सह्याद्रीवर आडवे आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. राजस्थानातील अरवली पर्वत मात्र नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने पसरला आहे. तो वाऱ्याला अडवीत नाही, वाट देतो. बंगालच्या उपसागराकडून येणारी दुसरी शाखा गंगेच्या मैदानात आपले पाणी वाटीत येते. थरपर्यंत पोहोचताना तिची झोळी रिकामी झालेली असते.

पण आम्हांस सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. मे-जूनमध्ये ही भूमी एवढी तापते की, तिच्यावरील हवेचा दाब उतरतो आणि हा कमी दाबाचा पट्टा दूरच्या समुद्रावरील वाऱ्यांना आत ओढून घेण्यास हातभार लावतो. आपल्या कौलांवर जून महिन्यात जो पाऊस वाजतो, त्यात या तापलेल्या माळांचाही वाटा आहे! स्वतः ती भूमी मात्र कोरडी राहते. कारण तिच्यावर उंच आकाशात कोरडी हवा खाली उतरत असते आणि भांड्यावर झाकण ठेवावे तशी ती ढगांना वर चढू देत नाही.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरला २०० मिलिमीटरही पुरता पडत नाही. आपल्याकडे कधी कधी एका दिवसात कोसळतो तेवढा तेथे वर्षाचा! आणि तोही भरवशाचा नाही. एखादे वर्ष कोरडेच जाते, तर एखाद्या वर्षी सारी कसर एका आठवड्यात भरून निघते. २००६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात असा पाऊस झाला की, कवास हे गाव पाण्याखाली गेले. जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने ते पाणी कित्येक दिवस मुरलेही नाही.

उन्हाळ्याविषयी थोडेच सांगतो. पारा ४५ अंशांवर जाणे तेथे नित्याचे. जैसलमेरच्या वाटेवरील फलोदी येथे २०१६ च्या मे महिन्यात ५१ अंश तापमान नोंदले गेले. हवेत बाष्प नाही आणि आकाशावर ढगांचे पांघरूण नाही, त्यामुळे दिवसा कमावलेली उष्णता भूमी रात्री उधळून टाकते. डिसेंबरच्या पहाटे आम्ही दोन घोंगड्यांत कुडकुडत होतो आणि दुपारी सदऱ्याच्या बाह्या दुमडून हिंडत होतो.

असल्या मुलखात शहर आठशेहून अधिक वर्षे टिकले ते कसे? चौदाव्या शतकात गडसीसिंह राजाने बांधलेला गडीसर तलाव आम्ही पाहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराची तहान मुख्यत्वे यानेच भागविली. गावोगावी ‘टांका’ म्हणून पावसाचे पाणी साठविण्याचे हौद असतात. आपल्या गडकिल्ल्यांवरील ‘टाके’ ते हेच. पालीवाल ब्राह्मणांनी तर ‘खडीन’ नावाची शेतीच निर्माण केली. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालावयाचा, माळावरून वाहत येणारे पावसाचे पाणी अडवावयाचे, ते जमिनीत जिरले की त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पेरावयाचा. आम्हां गोवेकरांना ‘खडीन’ हा शब्द ऐकताच आपल्या ‘खाजना’ची आठवण होते. दोन्हींचा जीव बांधातच. फरक एवढाच की, आपला बांध खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी आणि त्यांचा गोडे पाणी आत राखण्यासाठी.

पुढे दिवस पालटले. पंजाबातील हरिके येथून निघणाऱ्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. आज इंदिरा गांधी कालवा या नावाने ओळखला जाणारा हा प्रवाह १९८७ च्या सुमारास जैसलमेर जिल्ह्यात पोहोचला. घागरीसाठी मैलोगणती चालणाऱ्या बायकांचे कष्ट ज्याने वाचविले, त्या कालव्याला आम्ही तरी बोल लावणार नाही. परंतु किल्ल्याची गोष्ट निराळी आहे. या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. माणशी काही घागरी पाणी लागेल, या हिशेबाने तो बांधलेला. त्याच्या पोटात मऊ खडकाचे आणि चिकणमातीचे थर आहेत. घरोघर नळ आले, पाहुण्यांसाठी निवासगृहे झाली, स्नानगृहे वाढली आणि जुन्या गटारांतून पाणी टेकडीत झिरपू लागले. भिजलेले थर फुगतात, सरकतात. गेल्या काही दशकांत अनेक बुरूज ढासळले. २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या किल्ल्याचे नाव आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जोराच्या पावसात तटाचा एक भाग कोसळला.

आम्ही उतरलो होतो ते किल्ल्यातीलच एका घरी. पहिल्या सकाळी, गोव्याच्या सवयीने, आम्ही नळ सोडून यथेच्छ स्नान केले. घरच्या आजीबाई अंगणात बाजरी निवडीत होत्या. आम्ही बाहेर येताच त्यांनी हसून विचारले, ‘तुमच्या गावी पाऊस खूप पडतो वाटते?’ आम्ही अभिमानाने होय म्हणालो. त्यांनी बोटाने न्हाणीघराच्या भिंतीकडे दाखविले. मोरीपासून निघालेली एक ओली भेग खाली तटाच्या दिशेने गेली होती. त्या काही अधिक बोलल्या नाहीत. दुपारी आम्ही आपले बिऱ्हाड किल्ल्याखालच्या गावात हलविले.