स्कूटरच्या वायरीवर शिकलेले हात

साताऱ्याच्या गॅरेजांना वायरीचे काम मोटारीने नाही, स्कूटरने शिकवले. 1975 मध्ये सरकारी महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि साताऱ्यात प्रिया स्कूटर बनू लागली. तिचे गिअर डाव्या मुठीत. मूठ फिरवली की दोन वायरी गिअरबॉक्सपर्यंत ओढ पोचवायच्या, तिसरी क्लचची. यातली एकही कधी तुटली नाही असा स्कूटरवाला विरळाच. नवी तार ओवायची, ग्रीस भरायचे, टोक स्क्रूखाली आवळायचे, उरलेले शेपूट छाटायचे, यावरच पोरांचा हात बसला.

तेव्हाच्या मोटारींत या कौशल्याला फारसा वाव नव्हता. पद्मिनी आणि अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगपाशी. तिथून खाली लोखंडी दांड्या. बुश झिजे, गिअर अडके, पण गिअरची वायर तुटायला ती होतीच कुठे? डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि क्लच वायरीवर गेला. 1998 च्या अखेरीस आलेल्या इंडिकात तर गिअरही वायरींवर. स्कूटरचा मेस्त्री मोटारीच्या बॉनेटखाली शिरला तो या वाटेने, असे मला वाटते.

तार एका झटक्यात क्वचितच तुटते. आधी एक पदर सुटतो, मग दुसरा. पॅडल जड होते, रिव्हर्स टाकताना करकर ऐकू येते. आपण ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ म्हणतो, आणि ती नेमकी चढावर जाते. आपल्याकडे तिला छळणाऱ्या गोष्टीही भरपूर. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी. त्यात गळिताचा हंगाम! कराडच्या खाली उसाच्या ट्रॅक्टरमागे किंवा बैलगाडीमागे पहिल्या गिअरवर अर्धा क्लच दाबून रांगायचे, आणि पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळले की वर्षानुवर्षे खड्डे असायचे. दर खड्ड्याला पाय क्लचवर.

सांगलीकरांच्या वाट्याला आणखी एक दुखणे आले. 2005 आणि 2019 च्या महापुरात गाड्या पाण्यात राहिल्या. इंजिन खोलून साफ होते. वायरीच्या नळीत शिरलेला गाळ मात्र दिसत नाही. तो सुकतो, आतली तार गंजते, आणि काही महिन्यांनी तुटते तेव्हा पुराची आठवणही कुणाला नसते.

रस्त्यात तुटल्यावर काय करायचे, हे जुन्या चालकांना पाठ असे. क्लच वायर गेली तर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकायचा आणि किल्ली फिरवायची. स्टार्टरच्या जोरावर गाडी हिसका देऊन निघते. पुढचे गिअर इंजिनाचा वेग जुळवून टाकायचे. मोकळ्या रस्त्यावर हे जमते, बाजारपेठेत जीवावरचे आहे. इंडिकाची गिअर वायर गेली की दांडा हातात नुसता लुळा पडतो. अशा वेळी गाडी उतारावर नाही ना हे पाहून, इंजिन बंद करून बॉनेट उघडायचे, गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये बसवायचा आणि क्लचवर सांभाळत घर गाठायचे. कित्येकदा तार शाबूत असते, टोकाची प्लास्टिकची वाटीच निखळलेली असते. मग बाइंडिंग वायरने बांधून काम भागते.

या जुगाडाचे कौतुक मात्र बेताने करावे. तुटलेल्या तारेला पितळेचा डाग दिला की उष्णतेने शेजारचे पदर नरम पडतात आणि तार पुन्हा तिथेच तुटते. स्कूटरची स्क्रूची गुंडी मोटारीच्या क्लचचा ताण फार काळ सोसत नाही. ‘आमचा मेस्त्री डाग देऊन वर्ष काढायचा’ अशा गोष्टी ऐकायला बऱ्या. माझा त्यांवर विश्वास नाही. जुन्या मेस्त्रीचे खरे कसब जोडण्यात नव्हते, तार इथेच का तुटली हे शोधण्यात होते. नळीला कुठे तीव्र बाक आहे, टोकाला गंज आहे का, खालचा लिव्हर मुळातच जड आहे का? लिव्हर जड असेल तर नवी वायरही टिकत नाही, आणि आज पाकिटातली वायर काढून बसवणारा पोरगा तेवढे पाहायला थांबत नाही.

2014 च्या जानेवारीत मारुती 800 चे उत्पादन थांबले, मे महिन्यात अँबॅसिडरचे. त्याच वर्षी मारुतीची सेलेरिओ बाजारात आली, आणि तिच्या एका प्रकारात क्लचचे पॅडलच नव्हते. तरी आपल्या तालुक्यांत 800 अजून धावताहेत. तुमच्याकडे असेल तर एक नवी क्लच वायर डिकीत टाकून ठेवा, आणि पॅडल जड झाले की घाटाची वाट न पाहता ती बदलून घ्या.