ऱ्य आणि ऱ्ह यांचे संगणकीय टंकलेखन

'ऱ्य' व 'ऱ्ह' ही मराठीतील जोडाक्षरे होत. त्यांतील अर्धा र रफाराप्रमाणे पुढील अक्षराच्या डोक्यावर न जाता त्याच्या डावीकडे आडव्या वळणाने जोडला जातो. हे रूप नेपाळीतही आढळते. हिंदीत त्याचा वापर नाही.

रफार आणि हा र यांत अर्थभेद आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन. 'आचार्यांना' दिलेला मान आणि 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी यांत एका चिन्हाचेच अंतर आहे. उच्चारात रफारामुळे मागील अक्षरावर आघात येतो, 'ऱ्य'मुळे येत नाही.

टंकन

पुणे शहरातील धायरीचे नाव लिहिताना साधा र पुरतो. त्याच हवेली तालुक्यातील, खडकवासला धरणाजवळच्या गोऱ्हे बुद्रुकचे नाव मात्र या र शिवाय लिहिता येत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबल्यास ऱ उमटतो. पुढे 'डी'ने हलन्त व 'यू'ने ह दिला की 'ऱ्ह' तयार होते. शिफ्ट राहून गेल्यास 'गोर्हे' उमटते. ही चूक मुद्रितांत सर्रास दिसते.

सांकेतिक भेद

युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे साठवता येते. पहिल्यात ऱ (यू+०९३१) हे स्वतंत्र अक्षर व हलन्त येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु संगणक त्यांना भिन्न मानतो. परिणामी शाळेच्या पटावर किंवा ग्रंथालयाच्या सूचीत 'कुऱ्हाडे' हे आडनाव असूनही शोधात सापडत नाही. नक्कल करताना अदृश्य चिन्ह गळाले तर रफार उमटतो, म्हणून पहिला प्रकार अधिक भरवशाचा.

ॲ

'ॲ'बाबतही असाच घोळ आहे. ॲ (यू+०९७२) हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आले. तोवर 'ऍ' किंवा अ आणि चंद्र यांची जोडणी वापरली जाई. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत 'ॲ'ला स्थान दिले. जुन्या मजकुरात ती दोन्ही रूपे टिकून असल्याने 'ॲ'चा शोध घेताना तीही तपासावी लागतात.