पेडल दाबलं की 'टक्' : भाव कमी करू नका, आधी आवाजाचं कारण शोधा

या वेळच्या व्हिडिओत आपण घरी बनवलेलं इफेक्ट पेडल उघडून दाखवलं आहे. पण हातात सोल्डरिंग गन असताना व्हिडिओ मागे-पुढे करत बसणं अवघड जातं. म्हणून कुठली चाचणी आधी आणि कुठली नंतर, ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही पेडल बनवत नसाल, अगदी मसाले किंवा पिशव्या विकत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. माल परत आला की काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांचा एकच आहे.

आपल्या वर्गात येणाऱ्या पालीच्या एका मुलाने दहा डिस्टॉर्शन पेडल बनवले. गिऱ्हाईक कोण? गिटारवाले थोडे, बेंजोवाले जास्त. आपल्या कोकणात बेंजोला पिकअप लावून तो अँपवर वाजवतात, आणि गणपती-शिमग्याला असा आवाज लागतोच. भांडवल होतं आईच्या बचत गटातून घेतलेल्या कर्जाचं. गणपतीला तीन आठवडे उरले असताना पहिल्या दोन गिऱ्हाइकांचा फोन आला, "पेडल चालू करताना स्पीकरमधून टक् असा आवाज येतो." मुलगा म्हणाला, "सर, दोनशे रुपये कमी करून टाकतो."

थांबा. भाव कमी केला म्हणून आवाज जात नाही. मिरवणुकीत मोठ्या स्पीकरवर तोच 'टक्' शंभर जणांना ऐकू येणार, आणि पेडल कोणी बनवलं हे वाजवणारा सांगणारच. म्हणजे दोनशेही गेले आणि नावही गेलं.

आता कामाला लागू. पहिलं पाऊल : अँपचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि स्विच दाबा. जो आवाज येतो तो स्विचच्या स्प्रिंगचा. तो राहणारच, तो दोष नाही. आता व्हॉल्यूम वाढवा. स्पीकरमधून जो येतो तो आपला शत्रू. चाचणी करताना साखळीत दुसरं पेडल ठेवू नका, कारण शेजारच्या पेडलचा दोषही तुमच्या स्विचवर ऐकू येतो.

दुसरं पाऊल : स्विच लागोपाठ दहा वेळा दाबा आणि कान देऊन ऐका. पहिला 'टक्' मोठा आणि पुढचे लहान होत गेले, मग पाच मिनिटांनी दाबल्यावर पुन्हा मोठा आला, तर कारण कपॅसिटर. दहाही वेळा सारखाच आला, तर आधी एलईडीवर संशय घ्या. खरखर येत असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याचं खाली सांगतो.

कपॅसिटरचं काय होतं ते समजून घ्या. नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये आत साधारण साडेचार व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो बाहेर येऊ नये म्हणून इनपुट आणि आउटपुटला कपॅसिटर असतो. पण कुठलाही कपॅसिटर किंचित गळतोच. पेडल बंद असताना त्याचं बाहेरचं टोक कशालाच जोडलेलं नसेल, तर त्यावर हळूहळू व्होल्टेज साठतं. तुम्ही स्विच दाबता आणि ते एका झटक्यात खाली होतं. हाच 'टक्'.

उपाय एका रेझिस्टरचा. बोर्डाच्या इनपुट तारेपासून ग्राउंडपर्यंत १ किंवा २.२ मेगओहमचा रेझिस्टर लावा. तो स्विचच्या बोर्डाकडच्या बाजूला असावा, म्हणजे बायपासमध्ये वाद्यावर भार येत नाही. आउटपुटला व्हॉल्यूम पॉट शेवटी असेल तर तोच हे काम करतो. नसेल तर तिथेही १ मेगओहम लावा. मग मल्टिमीटरने ते टोक आणि ग्राउंड यांच्यातलं डीसी व्होल्टेज बघा, शून्याच्या आसपास हवं. रेझिस्टर लावूनही व्होल्टेज टिकून असेल तर कपॅसिटर जास्त गळतोय किंवा उलटा बसलाय. इलेक्ट्रोलिटिक असेल तर प्लस-मायनस तपासा, जमलं तर त्या जागी फिल्म कपॅसिटर टाका.

तिसरं पाऊल एलईडीचं. एलईडीचा एक पाय सोडवा आणि स्विच दाबा. आवाज गेला? मग चोर सापडला. ९ व्होल्टवर लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. १ के रेझिस्टर असेल तर एकदम ७ मिलिअँपिअर करंट ओढला जातो आणि त्या धक्क्याने सर्किटचा पुरवठा हलतो. ४.७ के टाका, करंट दीड मिलिअँपिअरवर येतो. चांगल्या प्रतीचा एलईडी तेवढ्यावर स्टेजवरही दिसतो. एलईडीची ग्राउंड तार ऑडिओच्या ग्राउंडमधून न फिरवता थेट डीसी जॅकपर्यंत वेगळी न्या.

चौथं पाऊल वायरिंगचं. नऊ पायांच्या थ्री-पी-डी-टी स्विचमध्ये अशी जोडणी करता येते की बायपासमध्ये बोर्डाचं इनपुट ग्राउंडला जातं. जास्त गेनच्या पेडलला ती कराच. इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकमेकींपासून लांब ठेवा. स्विचच्या पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका. आतलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि संपर्क जागेवरून सरकतो.

आता खरखर. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने जॅक आणि स्विचचे संपर्क काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, तरी राहिली तर स्विच बदला. स्विच न दाबताही सतत गुणगुण येत असेल तर अडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावा. गुणगुण थांबली तर दोष बहुतेक अडॅप्टरचा, पेडल कापत बसू नका.

एवढं सगळं करूनही अगदी बारीक 'टक्' राहू शकतो, कारण हा यांत्रिक स्विच आहे. बॉस कंपनी १९७७ पासूनच्या तिच्या छोट्या पेडलमध्ये यासाठी एफईटीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक स्विचिंग वापरते. ती पुढची पायरी. गिऱ्हाइकाला "आवाज शून्य" असं वचन देऊ नका, "वाजवताना ऐकू येणार नाही" एवढं द्या आणि ते पाळा.

त्या मुलाचं काय झालं? दहाही पेडलमध्ये इनपुटचा रेझिस्टर नव्हता आणि एलईडीला १ के होता. एकात कपॅसिटर उलटा होता. रेझिस्टर एक-दोन रुपयांचे, पण दहा पेडल उघडून दुरुस्त करायला दोन दिवस गेले. तक्रार दोघांची होती, त्याने दहाही दुरुस्त केले. आधीच घेऊन गेलेल्या दोघांची पेडल स्वतः जाऊन आणली आणि परत दिली. भाव एक रुपया कमी केला नाही. त्यातल्याच एका बेंजोवाल्याने त्याला पुढची ऑर्डर दिली, दोन पेडलची.

यातून धंद्याच्या तीन गोष्टी घ्या. एक, माल बाहेर जाण्याआधीचा चाचणी कागद बनवा : दहा वेळा दाबणं, डीसी मोजणं, बॅटरी आणि अडॅप्टर दोन्हींवर वाजवणं. प्रत्येक पेडलला नंबर द्या आणि त्याच कागदावर लिहा. दोन, पाच पैशांचा भाग संपला म्हणून काम अडू देऊ नका. पालीहून लॅमिंग्टन रोड काही शेजारी नाही, तेव्हा नेहमीचे रेझिस्टर शंभराच्या पाकिटाने आणून ठेवा. तीन, किंमत ठरवताना दुरुस्तीचा वेळ आणि कुरिअरचा खर्च आधीच धरा. तो न धरणारा माणूस पहिल्या तक्रारीला भाव कमी करतो आणि दुसऱ्या तक्रारीला फोन उचलत नाही.

गिऱ्हाईक तक्रार करतंय म्हणजे ते अजून तुमच्याशी बोलतंय. फोन उचला, झाकण उघडा आणि पहिल्या पावलापासून सुरुवात करा.