मधुमेहातील रक्तवाहिन्यांच्या हानीची पूर्वसूचना : एकच चाचणी पुरेशी का ठरत नाही?

बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनातून तळहातावर मावेल असे एक उपकरण तयार झाले आहे. रक्ताचा थेंब किंवा लघवीचा नमुना एका पट्टीवर ठेवल्यावर त्यातील रासायनिक बदलामुळे विद्युतप्रवाहात जो फरक पडतो, तो हे उपकरण मोजते. संस्थेतील प्राध्यापक नवकांत भट आणि विनय कुमार यांच्या संशोधनावर आधारलेल्या ‘पाथशोध’ या कंपनीने ते ‘अनुपाथ’ या नावाने बाजारात आणले. प्रा. भट यांना २०१८ साली इन्फोसिस पुरस्कारही मिळाला. मात्र हे उपकरण केवळ साखर मोजून थांबत नाही. एचबीए१सी, हिमोग्लोबिन, ग्लायकेटेड अल्ब्युमिन आणि लघवीतील अल्ब्युमिन हेही त्यावर तपासता येते. इतक्या चाचण्यांची गरज का भासावी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. टाइप २ मधुमेहात खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांना. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांच्या सूक्ष्म वाहिन्या, तसेच हृदय, मेंदू आणि पाय यांच्या मोठ्या वाहिन्या वर्षानुवर्षे झिजत जातात, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो.

एचबीए१सीच्या मर्यादा

रक्तातील साखर हिमोग्लोबिनला चिकटून राहते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने हे प्रमाण मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली जाहीर झाले. त्यात एचबीए१सीची पातळी ७.९ ऐवजी ७ टक्क्यांवर राखलेल्या गटात सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी घटला होता.

परंतु हिशेबाची वहीच सदोष असेल तर? लोहाच्या अभावामुळे होणाऱ्या रक्तक्षयात एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसू शकते. सिकलसेल विकारात तांबड्या पेशी अकाली नष्ट होत असल्याने ते फसवे कमी दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्णही आहेत. अशा रुग्णाचा ‘साखर आटोक्यात’ हा अहवाल निखालस दिशाभूल करणारा ठरू शकतो. म्हणूनच हिमोग्लोबिन सोबत तपासणे महत्त्वाचे आहे. ग्लायकेटेड अल्ब्युमिनवर तांबड्या पेशींच्या आयुष्याचा परिणाम होत नाही; ते मागील दोन-तीन आठवड्यांची स्थिती दाखवते. अर्थात, यकृताचे विकार असल्यास किंवा लघवीतून प्रथिने फार जात असल्यास तेही चुकते.

लघवीतून मिळणारा इशारा

रक्तवाहिन्यांच्या हानीचा सर्वांत उपयुक्त इशारा मात्र रक्तात नव्हे, तर लघवीत मिळतो. निरोगी मूत्रपिंड अल्ब्युमिन हे प्रथिन जवळपास पूर्णपणे अडवून धरते. चाळणी सैल झाली की ते पाझरू लागते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन सामान्य मानले जाते. ३० ते ३०० हा धोक्याचा आरंभ होय. डेन्मार्कचे कार्ल एरिक मोगेनसेन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांपैकी ज्यांच्या लघवीत अल्पसे अल्ब्युमिन असते, त्यांच्यात पुढे मूत्रपिंडाचा विकार तर वाढतोच, शिवाय अकाली मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. मूत्रपिंडातील गळती हे शरीरभरच्या वाहिन्या बिघडल्याचे लक्षण आहे, असा विचार त्यानंतर पुढे आला.

ताप किंवा कष्टाच्या व्यायामानेही हे प्रमाण तात्पुरते वाढते. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीनपैकी दोन नमुन्यांत ते वाढलेले आढळले, तरच निदान पक्के मानतात. या टप्प्यावर रक्तदाबावरील काही औषधे आणि एसजीएलटी२ गटातील औषधे मूत्रपिंडाची हानी मंदावू शकतात. या गटातील डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० साली संपल्यावर ते पुष्कळ स्वस्त झाले आहे. साहजिकच, वेळेवर झालेल्या चाचणीचे मोल आता पूर्वीपेक्षा अधिक आहे.

मोठ्या वाहिन्यांचे काय?

येथे चित्र तितके स्पष्ट नाही. अमेरिका आणि कॅनडातील ‘अ‍ॅकॉर्ड’ अभ्यासात एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचा कसोशीने प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू अधिक झाल्याने २००८ साली ते उपचार थांबवावे लागले. हृदयविकाराचा अंदाज बांधताना एलडीएल कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तंबाखूचे व्यसन यांचाच विचार प्रथम होतो. सीआरपी, होमोसिस्टीन यांसारख्या खुणांवर बरेच संशोधन झाले असले, तरी प्रत्येक रुग्णाने त्या तपासाव्यात असे सांगण्याइतका आधार त्यांना लाभलेला नाही.

डोळ्यांच्या पडद्याची हानी दाखवणारी रक्तचाचणीही अद्याप नित्याच्या वापरात नाही. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना यांची तपासणी करून घ्यावी व ती दरवर्षी करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कारण निदानापूर्वीच हा आजार कित्येक वर्षे शरीरात असू शकतो.